डोक्याला मुका मार बसून पाच आठवडे झाले, सीटी स्कॅन नॉर्मल आहे, तरी कार्यालयातील काम झेपत नाही

डोंबिवलीची प्रवासी (१२ ऑगस्ट)

नमस्कार. माझे वय ३९ वर्षे असून बॅलार्ड इस्टेटमधील कस्टम्स क्लिअरिंगच्या एका कार्यालयात मी गेली अकरा वर्षे आयातीची कागदपत्रे तयार करते. ८ जुलैला सकाळी, पाऊस कोसळत असताना, स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना माझा पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आपटली. रक्त आले नाही, टेंगूळ मात्र आले. सोबतच्या बायकांनी नंतर सांगितले की मी साधारण अर्धा मिनिट शुद्धीवर नव्हते. पुलावर चढल्याचे मला आठवते. त्यानंतर एकदम रिक्षात बसल्याचे आठवते, आणि मधली दहा-पंधरा मिनिटे आजही हाती लागत नाहीत. रुग्णालयात पोहोचल्यावर एकदा उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल आला, काही तास देखरेखीखाली ठेवून मला घरी सोडण्यात आले आणि आठवडाभर विश्रांती घेऊन कामावर जाण्यास हरकत नाही, असे सांगण्यात आले.

त्याप्रमाणे १७ जुलैपासून मी पूर्ण वेळ कामावर जाऊ लागले, आणि त्रासाची खरी जाणीव तेव्हापासून झाली. बिल ऑफ एंट्री (आयात मालासाठी कस्टम्सकडे दाखल करायचा कागद) भरताना प्रत्येक मालाचा आठ आकडी टॅरिफ कोड, ज्यावरून शुल्क ठरते, इनव्हॉइसवरून पडद्यावर न्यावा लागतो. पूर्वी मी ते आठ आकडे एका नजरेत उचलत असे. आता कागदावरून मान वर करेपर्यंत शेवटचे तीन आकडे निसटलेले असतात. साडेअकराच्या सुमारास डोके जड होऊ लागते, दुपारनंतर ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत खुपतो, आणि दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की एकाचेही बोलणे पोहोचत नाही. साधे शब्द ओठांवर येऊन अडतात. घरी आल्यावर आठ वाजताच झोप लागते आणि पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही.

गेल्या आठवड्यात एका कोडमधील दोन आकडे माझ्याकडून उलटे पडले. वरिष्ठांनी कागद दाखल होण्यापूर्वीच ते पाहिले, नाहीतर शुल्क चुकीचे लागले असते. ते रागावले नाहीत, परंतु "रिपोर्ट तर नॉर्मल आला होता ना?" एवढेच त्यांनी विचारले आणि त्यावर मला काहीच उत्तर देता आले नाही.

रिपोर्ट नॉर्मल असेल तर हा त्रास कशाचा आहे? आणखी रजा घ्यावी की रेटून काम करत राहावे? कार्यालयात कोणत्या शब्दांत सांगावे? आणि हे असेच राहणार आहे का? शेवटचा प्रश्न घरी कोणाजवळ विचारण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून येथे विचारते आहे.

---

व्यवसायोपचार, परळ (१२ ऑगस्ट)

ताई, मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना पुन्हा घरकामात आणि नोकरीत स्थिरावण्यास मदत करणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. (आमचे नाव ऐकून आम्ही नोकरी मिळवून देतो, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक या विषयाचे शिक्षण आपल्या देशात मुंबईतच, केईएम रुग्णालयात, १९५० साली कमला निंबकर यांनी सुरू केले, तरीही आमच्याकडे कशासाठी यावे हे रुग्णांना बहुधा फार उशिरा सांगितले जाते.)

आधी निकडीचे सांगते. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, फिट आली, हातापायाची शक्ती कमी वाटली, जीभ जड होऊन बोलणे अस्पष्ट झाले, दिवसा जागे राहणे कठीण झाले किंवा नाकातून वा कानातून पाण्यासारखा द्रव आला, तर कोणाच्याही उत्तराची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात जावे. मेंदूच्या आवरणाखाली संथपणे साचणारा रक्तस्राव काही आठवड्यांनीही लक्षात येऊ शकतो. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ती शक्यता अधिक असते. आपल्या लिखाणात अशी खूण दिसत नाही, परंतु पाच आठवड्यांनंतरही त्रास आहे एवढ्या कारणावरूनच आपण डॉक्टरांना एकदा पुन्हा भेटणे योग्य ठरेल.

आता आपल्या वरिष्ठांच्या प्रश्नाविषयी. सीटी स्कॅन हे रक्तस्राव, कवटीचे तडे आणि मोठी सूज शोधण्यासाठी असते, आणि त्यात काही नाही ही खरोखरच चांगली बातमी आहे. परंतु मुक्या माराने मेंदूच्या पेशींत जो बिघाड होतो, तो या तपासणीत दिसण्यासारखा नसतो. डोके आपटते तेव्हा मेंदू क्षणभर हिसका खातो आणि त्यातील मज्जातंतू ताणले जातात. पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि हा तोल पूर्ववत करण्यासाठी पेशींचे पंप जोराने चालू लागतात. त्यासाठी ग्लुकोज जास्त लागते, पण नेमका त्याच काळात रक्ताचा पुरवठा कमी झालेला असतो. पाणीकपातीच्या दिवशी इमारतीची टाकी अर्धी भरलेली असावी आणि सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम उघडे असावेत, तशी ती अवस्था असते. नळ खराब नसतात, नळाची जोडणीही तुटलेली नसते, तरी वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. एका वेळी दोन गोष्टी ध्यानात ठेवणे, गोंगाटातून एकच आवाज निवडणे, नेमका शब्द शोधणे ही मेंदूची वरच्या मजल्यावरची कामे आहेत, म्हणून ती आधी थांबतात.

आपल्या डिस्चार्ज कागदावर "सौम्य" असा शब्द असेल आणि त्यापुढे जीसीएस १५ असे लिहिले असेल. ग्लासगो येथील टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही शुद्धीची पातळी मोजण्याची मोजपट्टी आहे, आणि १५ हे तिचे सर्वोच्च गुण आहेत. १३ ते १५ गुण, तीस मिनिटांपर्यंतची बेशुद्धी आणि चोवीस तासांपर्यंतचे विस्मरण असेल, तर दुखापत सौम्य गटात धरली जाते. हा शब्द पहिल्या दिवशीच्या जीविताच्या धोक्याविषयी असतो. पुढचे दोन महिने सोपे जातील, असे आश्वासन त्यात नसते, आणि आपल्यासारख्या अनेकांची फसगत या एका शब्दामुळे होते.

हे असेच राहणार का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की बहुसंख्य प्रौढ रुग्ण काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत, पूर्वपदावर येतात. काहींना अधिक काळ लागतो, पण त्यांच्यातही सुधारणा होत राहते. पाचवा आठवडा म्हणजे आपण अजून त्या अपेक्षित काळाच्या आतच आहात.

मात्र आता पेशींतील सुरुवातीचा बिघाड बराचसा निवळलेला असण्याचा संभव आहे आणि मागे राहिलेल्या त्रासाची कारणे वेगवेगळी असू शकतात, जी वेगवेगळी तपासून घ्यावी लागतात. डोके आपटते तेव्हा मानेलाही हिसका बसतो, आणि मानेतून निघणारी दुखी डोक्याच्या मागून कपाळापर्यंत येते. कुशीवर वळताना किंवा वर पाहताना क्षणभर सगळे गरगरत असेल, तर कानाच्या आतील सूक्ष्म खडे जागचे हललेले असू शकतात. प्रशिक्षित व्यक्तीने एपली पद्धतीने डोक्याची स्थिती क्रमाने बदलली, तर हा त्रास बहुधा एक-दोन भेटींतच जातो, आणि तो महिनोन्महिने सोसणारे रुग्ण पाहिले की मला फार वाईट वाटते. तिसरी गोष्ट आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जवळचे पाहताना दोन्ही डोळे आतल्या बाजूला एकत्र वळावे लागतात, आणि अशा दुखापतीनंतर ही क्रिया अनेकदा मंदावते. कागदावरून पडद्यावर आणि पडद्यावरून कागदावर दिवसभर नजर नेणाऱ्या व्यक्तीला साडेअकरापर्यंत डोके जड वाटू लागावे, यात मला नवल वाटत नाही. चष्म्याचा नंबर काढतात ती नेहमीची तपासणी पुरेशी नाही. दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासण्याची विनंती नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत करा.

रजा की काम, या प्रश्नात आपण दोनच पर्याय मांडले आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे पडून राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. खेळाडूंच्या अशा दुखापतींवर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि त्यानंतर चालण्यासारखा हलका व्यायाम, अशीच शिफारस केली. तेथील एक मोजमाप आपल्यालाही उपयोगी पडेल. काम सुरू करण्यापूर्वी त्रासाला ० ते १० पैकी गुण द्या. काम करताना त्यात दोनपेक्षा अधिक वाढ झाली नाही आणि झालेली वाढ तासाभरात ओसरली, तर तेवढे काम आपल्याला झेपते असे धरा. त्यापलीकडे गेले, तर दुसऱ्या दिवशी कामाचा अवधी कमी करा. त्रास होऊ लागला की थांबायचे, असे न करता त्रास होण्यापूर्वी थांबायचे आहे. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे काम आणि पाच-दहा मिनिटे पडद्यापासून दूर, घड्याळ लावून.

आपण आणि आपले वरिष्ठ एक हिशेब हमखास विसरत असाल. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतचा प्रवास हेही मेंदूचे कामच आहे. फास्ट लोकलमध्ये सव्वा तास उभे राहून, धक्के, घोषणा आणि हलती दृश्ये सोसून आपण कार्यालयात पोहोचता, तेव्हा त्या दिवसाच्या शक्तीचा मोठा वाटा खर्च झालेला असतो. म्हणून कामाचे तास कमी करण्याआधी प्रवासाची वेळ बदला. गर्दी ओसरल्यावर डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल बसायला मिळेल अशा बेताने घेतली, तर अर्धा तास जास्त लागेल, पण तो अर्धा तास वाया गेला असे आपल्याला वाटणार नाही.

---

चार रंग (१३ ऑगस्ट)

मी ऑफसेट छपाईच्या क्षेत्रात आहे. तीन वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडलो, हेल्मेट होते म्हणून आज हे लिहू शकतो आहे. वरील उत्तरातील वैद्यकीय माहितीत भर घालण्याची माझी पात्रता नाही, परंतु मी केलेल्या दोन चुका येथे सांगतो, कारण त्या करण्यात माझे चार महिने गेले.

पहिली चूक विश्रांतीची. घरच्यांनी प्रेमापोटी मला तीन आठवडे पडदे ओढलेल्या खोलीत ठेवले. वर्तमानपत्र नाही, फोन नाही, कोणाशी बोलणे नाही. बाहेर आलो तेव्हा जिन्यातला उजेडही सहन होईना. नंतर डॉक्टरांनी समजावले की दिवसभर काळा चष्मा आणि कानांत बोळे, असे राहिले तर उजेडाची आणि आवाजाची सवय आणखी मोडते. गाडीत कानात इअरप्लग घालावेत, पण घरात आणि शांत जागी ते काढून ठेवावेत, असे त्यांनी सांगितले, आणि मला तो सल्ला लागू पडला.

दुसरी चूक गोळ्यांची. डोके दुखले की गोळी, असे करत मी रोज दोन-दोन गोळ्या घेऊ लागलो. दोन महिन्यांनी सकाळी उठतानाच डोके दुखलेले असे. महापालिकेच्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागात एका तरुण डॉक्टरांनी महिन्याभरातील गोळ्या मोजायला लावल्या आणि सांगितले की साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा अधिक घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. गोळ्या थांबवल्यावर पहिले दहा दिवस अतिशय वाईट गेले, मग हळूहळू दुखणे उतरले. ताई, आपण पॅरासिटामॉल किती घेता, हे कॅलेंडरवर खूण करून पाहा.

कामाबद्दल सांगायचे तर मी पहिल्या वेळी थेट पूर्ण पाळीला गेलो. सोमवारी उत्साहात सगळे केले, मंगळवारी ओढून नेले आणि बुधवार ते शुक्रवार अंथरुणात होतो. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. असे तीन आठवडे झाल्यावर माझ्या पर्यवेक्षकांनीच मला छपाईयंत्रापासून दूर करून प्रुफे आणि कागदाच्या साठ्याच्या नोंदी पाहण्याचे काम दिले. तेव्हा ते मला अपमानासारखे वाटले होते. आज मला वाटते की त्यांनी माझी बोटे वाचवली, कारण तोल जात असताना फिरत्या रोलरजवळ उभे राहणे हा वेडेपणा होता. रात्रपाळी मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तीन महिने नाकारली.

चार रंगांचे रजिस्टर जुळवताना, म्हणजे चारही रंगांचे छाप नेमक्या जागी बसवताना, भिंगाखाली ठिपके पाहावे लागतात. अपघातानंतर ते ठिपके मला दुहेरी दिसत. डोळ्यांचे व्यायाम (पेन्सिलचे टोक हातभर अंतरावरून नाकाकडे आणत राहणे, एवढे साधे वाटणारे) मी दीड महिना सकाळ-संध्याकाळ केले. एके दिवशी भिंगात पाहिले आणि निळा ठिपका लाल ठिपक्याच्या शेजारी स्थिर बसलेला दिसला. त्या दिवशी मी घरी फोन करून सांगितले. म्हणून डोळ्यांच्या तपासणीचा मुद्दा आपण मागे टाकू नये, अशी विनंती आहे.

---

हजेरीपत्रक (१३ ऑगस्ट)

मी मनुष्यबळ विभागात बावीस वर्षे काम केले आहे. वरील दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत, परंतु एका बाबतीत मला वेगळे मत मांडायचे आहे. टप्प्याटप्प्याने कामावर परतणे हे मोठ्या कंपन्यांत शक्य होते. दहा-बारा माणसांच्या क्लिअरिंग कार्यालयात अर्ध्या दिवसाची सोय कोणत्याही नियमात लिहिलेली नसते आणि जहाज आले की काम थांबत नाही. अशा ठिकाणी अर्धवट काम करून रोज चुका होण्यापेक्षा शिल्लक रजा एकत्र घेऊन पुरेसे बरे होऊन परत जाणे नोकरीच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते, असा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता; २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा वीस कामगारांवर नेली. तो लागू असेल तर वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा मिळते, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळून ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. अकरा वर्षांच्या नोकरीत आपली रजा साठलेली असण्याची शक्यता आहे; आधी तो आकडा लेखी मागून घ्या.

आपला पगार दरमहा २१,००० रुपयांच्या मर्यादेत असेल आणि आपण राज्य कामगार विमा योजनेत असाल, तर आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कामावर जाताना किंवा येताना झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरील इजा मानण्याची तरतूद २०१० च्या दुरुस्तीने राज्य कामगार विमा कायद्यात आली होती. म्हणून पडण्याची वेळ, जागा, रुग्णालयाचा केसपेपर आणि त्या दिवशीचा रेल्वे पास यांच्या प्रती जपून ठेवा.

आता कार्यालयात काय सांगावे याविषयी. "विश्रांतीची गरज आहे" एवढेच लिहिलेली चिठ्ठी मालकाला काहीच सांगत नाही. डॉक्टरांकडून असे पत्र घ्या की अमुक तारखेपर्यंत रोज इतके तास काम, दर अर्ध्या तासाने थोडा विराम, दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाची दुसऱ्या व्यक्तीकडून तपासणी, आणि अमुक तारखेला फेरतपासणी. मालकाला तारीख हवी असते. कधी संपेल हे न कळल्यानेच ते अस्वस्थ होतात. सर्व लक्षणे सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही, परंतु काहीच न सांगितल्यास आजाराने झालेली चूक निष्काळजीपणाच्या खात्यात जमा होते, आणि पुढे ती खोडणे कठीण जाते. पहिल्या तीन-चार महिन्यांत त्रासाने वैतागून राजीनामा मात्र देऊ नका. मी असे राजीनामे स्वीकारले आहेत, आणि सहा महिन्यांनी पूर्ण बरी होऊन परत आलेली माणसे जागा नसल्याने नाकारलीही आहेत. त्याचे मला आजही दुःख आहे.

---

व्यवसायोपचार, परळ (१३ ऑगस्ट)

पत्राविषयीचा आपला सल्ला अत्यंत उपयुक्त आहे. त्यातील मजकूर ठरवण्यास व्यवसायोपचार तज्ज्ञ डॉक्टरांना मदत करू शकतात. मुंबईत महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत तसेच हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत हा विभाग आहे.

मात्र पुरेसे बरे होऊन मगच परतावे, या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. रजेत घरी राहून कोणीही पडदा, आकडे आणि घाई यांचा सराव करत नाही, त्यामुळे दीड महिन्याने परतणाऱ्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी पूर्ण भार उचलावा लागतो, आणि "चार रंग" यांनी लिहिलेला सोमवार-मंगळवारचा फेरा तेथून सुरू होतो. त्याखेरीज घरी एकटीने बसून माणूस स्वतःच्या प्रत्येक विसरभोळेपणाकडे पाहू लागते. चाव्या कोठे ठेवल्या हे अपघातापूर्वीही आपण विसरत होतोच, पण आता त्याचा अर्थ भलताच लावला जातो आणि त्या काळजीने झोप जाते. अर्धा दिवस मिळत नसेल तर एक दिवसाआड रजा टाकता येईल का, किंवा दोन दिवस घरून मसुदे तयार करता येतील का, हे विचारून पाहावे. दहा माणसांच्या कार्यालयात नियम नसतो हे खरे आहे, पण तेथे मालक माणसाला नावाने आणि चेहऱ्याने ओळखतो, ही जमेची बाजूही आहे.

---

शिवडीची वहिनी (१४ ऑगस्ट)

मी रुग्ण नाही, रुग्णाची पत्नी आहे, म्हणून थोडेच लिहिते. आमच्या घरी सर्वांत अवघड गेली ती चिडचिड. यांनी वीस वर्षांत मुलांवर आवाज चढवला नव्हता, आणि डोक्याला मार लागल्यावर कुकरच्या शिट्टीवरूनही ते ओरडत आणि मग स्वतःच रडत. हे दुखण्याचेच अंग आहे, हे आम्हाला दुसऱ्या महिन्यात कळले. आधी कळले असते, तर मुले इतकी घाबरली नसती. ताई, घरच्यांना हे सर्व वाचायला द्या. मन फारच खचल्यासारखे वाटले, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते. आम्ही बोललो होतो.

गणपतीचे दिवस जवळ आले आहेत. आगमनाच्या आणि विसर्जनाच्या दिवशी ढोल-ताशांच्या वाटेवरून घरी परतावे लागणार नाही, अशी वेळ आधीच ठरवून ठेवा. यांना त्या वर्षी परळला पथकाच्या मधोमध अडकून अर्धा तास भिंतीला धरून उभे राहावे लागले होते. घरची आरती मात्र चुकवू नका. झांजा थोड्या दूर वाजवायला सांगा.

---

डोंबिवलीची प्रवासी (२८ सप्टेंबर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर देण्यास दीड महिना लागला, कारण पडद्यावरील वाचन मी ठरवून मोजके ठेवले होते.

डॉक्टरांनी पुन्हा तपासले. धोक्याचे काही नाही. कुशीवर वळताना गरगरते, हे मी त्यांना पूर्वी सांगितलेच नव्हते, कारण ते अशक्तपणामुळे असेल असे मी गृहीत धरले होते. खडे हललेलेच होते. एपलीच्या दोन भेटींनंतर ते गरगरणे थांबले. डोळ्यांचा मेळही कमी भरला आणि पेन्सिलचा व्यायाम चालू आहे. गोळ्या मोजल्या तर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अकरा दिवस घेतल्या होत्या, म्हणजे मी त्याच वाटेवर होते.

कार्यालयाच्या बाबतीत आपल्या दोघांच्याही म्हणण्यातले थोडेथोडे घडले. माझी ३१ दिवस रजा शिल्लक निघाली. वरिष्ठांना मी तारखा लिहिलेले पत्र दिले, ते त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले की हे पहिल्याच आठवड्यात आणून दिले असते, तर बरे झाले असते. आता मी सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शुक्रवार जाते, बुधवारी रजा टाकते. साडेअकराला पोहोचते आणि साडेचारला निघते. कोड भरण्याचे काम पोहोचल्यावर पहिल्या दोन तासांत करते. आठ आकडे एकदम उचलण्याचा हट्ट सोडला आहे. चार आकडे, मग चार आकडे, आणि पट्टीखाली ओळ धरून. माझी प्रत्येक नोंद एक सहकारी तपासते, आणि तिची टपालाची कामे मी दुपारी करते, म्हणजे तिच्यावर भार पडत नाही. गेल्या तीन आठवड्यांत तिला माझी एकच चूक सापडली.

झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही. पहाटे साडेचारपर्यंत आले आहे. दुपारी तीननंतरचा चहा बंद केला, तो मला सर्वांत जड गेला. घरच्यांना वहिनींचे उत्तर वाचून दाखवले. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. वाचून झाल्यावर तो काही बोलला नाही, पण आरतीच्या वेळी झांजा घेऊन तो स्वतःच गॅलरीत जाऊन उभा राहिला.

एक प्रश्न उरला आहे. मला ९:०८ च्या फास्टची भीती वाटते. डोके आता तेवढे दुखत नाही, तरी त्या पुलाच्या पायऱ्यांशी पोहोचले की पाय थांबतात आणि मी पलीकडच्या लांबच्या पुलाने जाते. ही दुखापतीचीच पुढची पायरी समजावी की यासाठी वेगळ्या तज्ज्ञांना भेटावे?

---

व्यवसायोपचार, परळ (२९ सप्टेंबर)

ताई, वाचून फार आनंद झाला. पायऱ्यांची भीती स्वाभाविक आहे, आणि तिच्यावरही कामासारखेच टप्प्यांनी जावे लागते. रविवारी दुपारी, पाऊस नसताना, घरच्या कोणाला सोबत घेऊन त्या पुलावर जा. पहिल्या दिवशी खाली उभे राहून फक्त पाहा, पुढच्या वेळी कठडा धरून चार पायऱ्या चढून उतरा. लांबच्या पुलाने जाणे आणखी महिनाभर चालू राहिले, तर ती सवय पक्की होईल, म्हणून हे लवकर सुरू करा. तीन-चार रविवारांनंतरही छाती धडधडत असेल, पडण्याचा प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल किंवा स्वप्नात दिसत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना अवश्य भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत. ९:०८ ची घाई नाही. बुधवारची रजा बंद होऊन एक महिना नीट गेला, की मग त्या गाडीचा विचार करू.